सहावी-सातवीला गणिताचा शिक्षक हवा

दहावीचा निकाल लागला की कोकण विभाग राज्यात पहिला, ही बातमी आता ठरलेलीच. २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून कोकणाचं वेगळं मंडळ झालं आणि २०१२ ची परीक्षा झाली, तेव्हापासून हा पहिला नंबर आपण सोडलेला नाही. त्या दिवशी गावच्या ग्रुपवर अभिनंदनाची रांग लागते. मलाही आनंद होतो. त्यातली कितीतरी मुलं माझ्या डोळ्यांदेखत वाढलेली असतात.

पण त्या आकड्यावरून सहावी-सातवीच्या वर्गात काय चाललंय ते कळत नाही. पहिलीच्या प्रवेशाला तोरणं लागतात, दहावीला पेढे वाटले जातात. मधल्या वर्गांची साधी चौकशीही कुणी करत नाही. मला त्या मधल्या वर्गांबद्दल लिहायचंय आणि एकच मागणी मांडायची आहे. पट कितीही कमी असो, सहावी-सातवीच्या प्रत्येक मुलाला गणित-विज्ञान शिकलेला शिक्षक आठवड्यातले ठरलेले दिवस मिळालाच पाहिजे.

मी देवगड तालुक्यात, विजयदुर्ग खाडीच्या बाजूच्या एका गावात शाखा डाकपाल आहे. गावात मला ‘पोस्टातली काकी’ म्हणतात. सकाळी पोस्ट उघडायचं, आरडीचे हप्ते, सुकन्याची खाती, पेन्शनवाल्यांचे अंगठे, दुपारी टपालाची थैली बंद करायची, आणि मग घर, नाहीतर शाळा. माझी मुलगी सातवीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. आठवीला हायस्कूलला जायचं, ते सडा, म्हणजे कातळाचं माळरान, ओलांडून पलीकडे.

शाळेचा पट एकतीस, त्यात सहावी-सातवीची मिळून अकरा मुलं. शिक्षक दोन. पहिली ते चौथी बाईंकडे, पाचवी ते सातवी गुरुजींकडे. गुरुजींच्या वर्गातला फळा एकदा जाऊन बघावा असा आहे. खडूच्या दोन उभ्या रेघांनी त्याचे तीन भाग केलेले असतात. डावीकडे पाचवीचं शुद्धलेखन, मध्ये सहावीचा मसावि, उजवीकडे सातवीचा नकाशा. गुरुजी एका भागासमोर उभे राहिले की बाकीच्या दोन रांगा ‘उतरवून घ्या’वर असतात. उतरवून झालं की मुलं गप्प बसतात. ती शहाणी आहेत, दंगा करत नाहीत, आणि म्हणूनच बाहेरून येणाऱ्या साहेबांना शाळा छान चाललेली दिसते. त्यातच गुरुजींना पोषण आहाराची माहिती भरायची असते, ऑनलाइन फॉर्म असतात, मतदार यादीचं काम येतं, महिन्याला बैठका असतात. बैठकीला गुरुजी गेले की सातही इयत्ता बाईंच्या एका खोलीत.

हे दोघंही मनापासून शिकवतात, हे मी मुद्दाम लिहिते. आमच्या बाईंच्या हाताखालून गेलेलं मूल चौथीला घडाघडा वाचतं. तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. गुरुजी स्वतः मराठीचे. त्यांनी कविता शिकवली की पोरं घरी येऊन म्हणत बसतात. पण सातवीच्या गणितात शिरायला तो विषय आपला असावा लागतो.

गेल्या वर्षी गुरुजींनी मला सहावीला एक धडा शिकवायला बोलावलं. गणिताच्या पुस्तकात ‘बँक व सरळव्याज’ असं प्रकरण आहे. ते म्हणाले, तुमच्या रोजच्या कामातलं आहे, तुम्ही सांगा. मी कोरं पासबुक, पैसे भरायच्या नि काढायच्या स्लिपा आणि दहाच्या नोटांचं एक पुडकं घेऊन गेले. मुलांना सूत्र तोंडपाठ होतं. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर, सगळ्यांनी एका सुरात म्हणून दाखवलं. मी विचारलं, पोस्टाच्या बचत खात्याला वर्षाला ४ टक्के व्याज, ५०० रुपये ठेवले तर वर्षाने व्याज किती? एक मुलगा, अक्षर मोत्यासारखं, वही बघत राहावी अशी, त्याने लगेच उत्तर काढलं: दोन हजार. भागिले शंभर करायचं राहिलं होतं. गुणाकार चोख होता. ५०० रुपयांवर वर्षाला २००० रुपये व्याज मिळेल यात त्याला काहीच वावगं वाटलं नाही. शेजारच्या तिघांचंही तेच उत्तर. तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, ‘‘काकी, तसा असता तर बाबान होडी इकून सगळे पैशे पोस्टातच ठेवले असते.’’

मला त्या मुलीचं इतकं कौतुक वाटलं! गणित असंच यायला हवं. मग मी नोटा मांडल्या. शंभराच्या एका ढिगाला वर्षाने चार रुपये, असे ढीग किती? पाच. मग व्याज वीस. ज्याने दोन हजार काढले होते तो ढिगांकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘म्हणजे टक्के म्हणजे दर शंभराक!’’ सहावीचं अर्धं वर्ष उलटलं होतं. टक्केवारीचं प्रकरण ‘झालेलं’ होतं. हजेरीपत्रकात, टाचणवहीत सगळीकडे ते झालेलं होतं.

नंतर सातवीच्या मुलांनी मला विचारलं, वजा गुणिले वजा अधिक का होतं? नियम पुस्तकात आहे, तो त्यांना पाठही आहे, पण का? मला सांगता आलं नाही. बारा महिने व्याजाचे हिशेब करणारी मी, ते कसं समजावायचं हे मला ठाऊक नाही. गुरुजी म्हणाले, नियम म्हणून लक्षात ठेवा. त्या वयाची मुलं ‘का’ विचारतात. आणखी दोन वर्षांनी ती विचारणं सोडून देतात.

खेड्यापाड्यातल्या मुलांची घरोघरी जाऊन चाचणी घेणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं नव्हतं. ही आठवीची मुलं. भागाकार येतो तिसरी-चौथीत. म्हणजे मधल्या चार वर्षांत त्यांच्याकडे थांबून बघायला कुणाला वेळ मिळाला नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी स्वच्छ लिहिलंय: दर वर्गाला किमान एक शिक्षक, आणि त्यात विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना किमान एकेक. दर पस्तीस मुलांमागे एक शिक्षक ही अट त्याच्या खाली येते. वर्षाचे किमान २२० दिवस आणि १००० तास शिकवणं झालं पाहिजे, हेही तिथेच आहे. अमुक पटाच्या खाली विषय शिक्षक द्यायची गरज नाही, असं त्या परिशिष्टात कुठेही नाही.

पण शाळेला पदं मिळतात ती संचमान्यतेने, म्हणजे पटावरून होणाऱ्या पदांच्या मंजुरीने, आणि संचमान्यतेचे निकष ठरवणारा शासन निर्णय १५ मार्च २०२४ चा आहे. त्यात सहावी ते आठवीच्या गटात पट वीसच्या खाली गेला की एकही पद मंजूर होत नाही. शिक्षक संघटनांनी त्याला जोरात विरोध केला. वर्तमानपत्रांत ती बातमी शिक्षकांच्या नोकऱ्यांची म्हणून आली, पोरांच्या गणिताची म्हणून आली नाही.

वीस हा आकडा देशावरच्या गावात छोटा वाटत असेल. गाव एका ठिकाणी, चावडीभोवती, आणि मुलं त्या गावातच. आमच्याकडे गाव म्हणजे दहा-बारा वाड्या. एक खाडीच्या तोंडाशी, एक सड्यावर, एक व्हाळाच्या पलीकडे. वाडीत घरं चाळीस, त्यातली अर्धी कुलूप लावलेली, कर्ती माणसं मुंबईला. अशा गावात सहावी-सातवीची वीस मुलं एका छपराखाली आणायची कुठून? नियमात सहावी ते आठवीसाठी घरापासून तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असं आहे. आमच्याकडे तीन किलोमीटर म्हणजे पावसाळ्यात साकवावरून पाणी जात असताना थांबायचं, मग उघड्या कातळावरून विजा कडकडत असताना चालायचं. नकाशावर पट्टी ठेवून ते कळणार नाही.

पटाच्या बाबतीत एक गोष्ट मला पोस्टामुळे नीट कळली, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. संचमान्यता साधारण ३० सप्टेंबरच्या पटावर होते, आणि पटावर मूल धरलं जातं ते आधार जुळलं तर. वर्गात बसलेलं मूल मोजत नाहीत, आधार जुळलेलं मूल मोजतात. आमच्याकडे आधारावर नाव एका तऱ्हेने, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या. बापाचं नाव कुठे ‘चंद्रकांत’, कुठे ‘चंदू’. जन्मतारीख एकीकडे खरी, दुसरीकडे १ जून. एका मुलीच्या आधारावर लिंगच चुकीचं पडलं होतं, आणि ते दुरुस्त होईपर्यंत ती शाळेत असूनही पटावर नव्हती. माझ्याकडे लोक मोबाइल नंबर जोडायला येतात, तेव्हा मी घरातल्या मुलांची कार्डंही बघायला मागते. चूक दिसली की तालुक्याच्या आधार केंद्रात पाठवते. एका मुलाच्या दुरुस्तीसाठी आईची एक दिवसाची मजुरी जाते, एसटीचं भाडं जातं, आणि सर्व्हर बंद असेल तर पुन्हा जायचं. काठावरच्या शाळेत अशी दोन मुलं गळली तरी शिक्षकाचं पद जातं.

लोक म्हणतात, सहावी-सातवीचं एवढं काय, हायस्कूलला गेल्यावर शिकतील. मला हे पटत नाही. अकरा ते चौदा हे वय आहे तेव्हाच मूल ठरवतं की आपल्याला अमुक जमतं आणि अमुक जमत नाही. गणित जमत नाही असं एकदा मनाने घेतलं की दहावीला पस्तीसपुरतं पाठ करून सुटायचं, आणि अकरावीला विज्ञानाच्या वाटेला जायचंच नाही. मच्छीमार घरातले मुलगे याच वयात बोटीवर जायला लागतात. पावसाळी बंदी उठली की ऑगस्टात खलाशी कमी पडतात, बापाला हात हवा असतो, आणि शाळेत फळ्याच्या तिसऱ्या भागाकडे बघत बसण्यापेक्षा पोराला बोट बरी वाटते. चार दिवस जातो, पैसे हातात येतात, मग आठवडा जातो. कागदावर तो शाळेतच असतो. मुलींचं याच वयात शरीर बदलतं, आणि शाळेतल्या संडासाला पाणी नसेल तर महिन्यातले चार दिवस त्या घरी राहतात. आमच्या समितीने पाण्याची टाकी बसवून घेतली, तेव्हा मुलींची हजेरी सुधारली हे मी स्वतः हजेरीपत्रकात बघितलंय.

आणि आता आठवीला नापास करता येतं. केंद्राने २०१९ साली कायद्यात दुरुस्ती केली, राज्याने २०२३ मध्ये नियम बदलले, त्यामुळे पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा, फेरपरीक्षा, आणि त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. परीक्षेला माझा विरोध नाही, मूल कुठे आहे ते कळलं पाहिजे. पण ज्या मुलाला सहावी-सातवीची दोन वर्षं गणिताचा शिक्षकच मिळाला नाही, त्याला हायस्कूलला जाऊन आठ-नऊ महिने होताहेत तोच नापासाचा शिक्का मारायचा, हे मला अन्यायाचं वाटतं.

२०२३ मध्ये समूह शाळांचं निघालं. पुण्याकडचं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ यांची उदाहरणं देऊन आजूबाजूच्या छोट्या शाळांतली मुलं एका मोठ्या शाळेत आणायची, बस द्यायची. त्या कल्पनेतलं एक म्हणणं मी मान्य करते. चार मुलांच्या वर्गात बारा वर्षांच्या पोराला सवंगडी मिळत नाहीत, कबड्डीचा संघ होत नाही, वाद घालायला कुणी नसतं. या वयाला सोबत लागते. पण आमच्या रस्त्यांवर बसच्या भरवशावर शाळा बंद करणं मला धोक्याचं वाटतं. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, फार चांगली योजना आहे, आमच्या कितीतरी मुली तिच्यामुळे हायस्कूलला टिकल्या. पण पास फुकट असून उपयोग काय, संध्याकाळची गाडी कधी साडेपाचला, कधी सातला, आणि कधी येतच नाही? आई फाट्यावर कंदील घेऊन उभी. अशात मुलीला घरी बसवायचं कारण शोधावं लागत नाही. आठवीतली मुलगी एवढं करते, ते सहावीतल्या अकरा वर्षांच्या पोरीवरही घालायचं का?

म्हणून मी म्हणते, मुलांना हलवण्याआधी शिक्षक हलवा. ही काही माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही. कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ च्या काळात शाळा संकुल सुचवलं होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ते पुन्हा उचललं: एक माध्यमिक शाळा आणि पाच ते दहा किलोमीटरच्या परिघातल्या खालच्या सगळ्या शाळा, अंगणवाड्यांसकट, एका संकुलात. शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय, क्रीडा साहित्य सगळ्यांनी मिळून वापरायचं. कोठारींची सूचना अमलात आली नाही, हे त्या धोरणातच मोकळेपणाने लिहिलंय.

आमच्या केंद्रात, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटात, सातवीपर्यंतच्या ज्या शाळा आहेत, त्यांची सहावी-सातवीची मुलं एकत्र मोजली तर वीसच्या पुष्कळ वर जातात. पट शाळेचा न मोजता केंद्राचा मोजा, त्यावर गणित-विज्ञानाचं पद द्या, आणि त्या शिक्षकाने सोमवार-मंगळवार एका शाळेत, बुधवार-गुरुवार दुसरीत, शुक्रवारी तिसरीत जावं. बाकीचे दिवस गुरुजी आहेतच, सराव करून घ्यायला. शनिवारी सगळ्या सहावी-सातवीला हायस्कूलच्या प्रयोगशाळेत आणा, महिन्यातून दोन शनिवार तरी. तेवढ्यापुरती गाडी गावकरीसुद्धा देतील. त्या दिवशी मुलांना सोबतही मिळेल आणि परीक्षानळीही हातात येईल. पुढे आठवीला त्याच शाळेत जायचंय, ती वाट आधीच पायाखालची होईल.

यात अडचणी आहेत. त्या शिक्षकाची हजेरी कुठल्या शाळेत, पगार कुठून निघणार, प्रवासभत्ता कोण देणार, जुलैत रस्ता बंद असेल तर काय? यातली प्रत्येक गोष्ट एका पानाच्या आदेशाने सुटण्यासारखी आहे. आमच्या खात्यात पोस्टमन दुसऱ्या गावाला बदली कामावर जातो, तेव्हा त्याचा हिशेब लागतोच की. आणि त्या शिक्षकावर मतदार याद्या, सर्वेक्षणं, फॉर्म काही टाकायचं नाही, हे आदेशातच लिहायला हवं. नाहीतर फिरता माणूस म्हणून सगळी फिरती कामं त्याच्याच गळ्यात पडतील.

गावाने पैसे काढून शिकवायला एखादी मुलगी ठेवावी, असं बरेच जण सुचवतात. आम्ही ते केलंय. मुंबईकरांनी वर्गणी दिली, गावातलीच बीएस्सी झालेली मुलगी पाच हजारांवर यायला लागली. तिने अपूर्णांक शिकवायला करवंट्या फोडून चतकोर केले, खाडीच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहून आलेख काढून घेतले. माझ्या मुलीने आलेख पहिल्यांदा बघितला तो पाण्याचा. ती वर्षभरात कुडाळला नोकरीला लागली, आणि लागायलाच हवी होती. पाच हजारांवर कुणी आयुष्य काढत नाही. वर्गणीवर चालणारा शिक्षक ज्या गावाला मुंबईकर आहेत त्याच गावाला मिळेल. शेजारच्या धनगरवाडीला तो मिळणार नाही, आणि त्या पोरांचा हक्क आमच्या पोरांइतकाच आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असायला हव्यात, हा कायदा आहे. शाळा विकास आराखडा ही समितीच करते. बहुतेक ठिकाणी आराखड्यात कुंपण, रंग, टीव्ही, कमान असतं. आमच्या आराखड्यात या वर्षी पहिल्या ओळीत गणित-विज्ञान शिक्षक आहे आणि कुंपण तिसऱ्या ओळीत गेलंय. त्यावरून समितीत वाद झाला, गुरं आत शिरतात हेही खरंच आहे. पण आयांनी ओळ बदलू दिली नाही.

केंद्रातल्या इतर गावांच्या समित्यांनाही आम्ही भेटायला लागलोय. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत सगळ्यांनी एकच ठराव घ्यायचा आणि गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद आणि आमदार यांना पाठवायचा, असं ठरतंय. गणपतीला गावी येणाऱ्यांना माझं सांगणं आहे: आल्यावर भाच्या-पुतण्यांची आधार कार्डं आणि शाळेचे दाखले समोरासमोर ठेवून बघा, नावात काना-मात्रेचा फरक असला तरी ३० सप्टेंबरच्या आत दुरुस्त करून घ्या. आरत्या झाल्या की एकदा शाळेत जाऊन फळा बघा. आणि आपल्या गावची सभा झाली नसेल तर हा मसुदा ग्रामपंचायतीत द्या:

‘‘आमच्या केंद्रातील सर्व शाळांतील इयत्ता सहावी व सातवीच्या विद्यार्थ्यांचा पट एकत्रित धरून गणित-विज्ञान विषय शिक्षकाचे पद मंजूर करावे. सदर शिक्षकाचे शाळानिहाय दिवस जूनमध्येच जाहीर करावेत. त्यांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत. पद भरले जाईपर्यंत पटसंख्येच्या कारणाने कोणत्याही शाळेचे सहावी-सातवीचे वर्ग बंद करू नयेत, ही या ग्रामसभेची मागणी आहे.’’

खाली सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या लागतात. आमच्याकडे सूचक मी आहे. अनुमोदक म्हणून सही करते आहे त्या होडीवाल्याच्या मुलीची आई.